दुखणे आणि दुखण्याची धास्ती



आपल्यापैकी कोणाच्याही घरातला फ्रिजचा दरवाजा किंवा कपाटाचा वरचा कप्पा उघडून पाहा. इन्सुलिनचे पेन, रक्तदाबाच्या गोळ्या, थायरॉईडची बाटली, गुडघ्यांना चोळायचे मलम, यांपैकी काहीतरी सापडेलच. हे आजार पाहुण्यासारखे चार दिवस राहून जात नाहीत. एकदा आले की वर्षानुवर्षे घरातलेच होऊन बसतात. डॉक्टर गोळी लिहून देतात, पथ्य सांगतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणतात. पण मधल्या तीन महिन्यांत रात्री दोन वाजता डोळा उघडतो आणि छातीत धडधडू लागते, तेव्हा काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही.

घरचे सांगतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ पण टेन्शन काही कोणी हौसेने घेत नाही. ते कसे उतरवायचे, हे शिकावे लागते. इस्पितळांमध्ये गेली चाळीसहून अधिक वर्षे शिकवली जाणारी अशी एक पद्धत आहे. इंग्रजीतून आलेले तिचे नाव माइंडफुलनेस. मराठीत आपण तिला सजगता म्हणू. तिच्याविषयी बाजारात अतिशयोक्ती खूप आहे आणि आपल्या घरांमध्ये शंकाही पुष्कळ आहेत. या महिन्यात दोन्हींचा विचार करू आणि घरच्या घरी सुरुवात कशी करायची तेही पाहू.

एका रिपोर्टची दोन दुखणी

समजा, उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर 210 आली. रिपोर्टवर एवढेच लिहिलेले असते. पण कागद हातात घेताक्षणी मन धावू लागते. मामूंचे मूत्रपिंड असेच गेले. आता डायलिसिस मागे लागणार. मुलीचा निकाह व्हायचा आहे, पैसा कुठून येणार? अजून लॅबची पायरीही उतरलेली नसते आणि मन पाच वर्षे पुढे पोहोचलेले असते.

210 हा आकडा खरा आहे आणि त्यावर उपचार हवाच. त्यानंतर मनाने जे चित्र रंगवले, ते मात्र अजून घडलेले नाही. शरीराला हा फरक कळत नाही. भीती खरी असो की कल्पनेतली, शरीर एकाच पद्धतीने तयारीला लागते. अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात उतरतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळले जातात आणि पळण्यासाठी ताकद मिळावी म्हणून यकृत रक्तात साखर सोडते. म्हणजे साखरेच्या धास्तीनेच साखर आणखी वाढू शकते. कंबर किंवा मान दुखत असेल तर भीतीने स्नायू ताठ होतात आणि ताठ स्नायू आणखी दुखतात. झोप उडते, आणि झोप न झालेल्या शरीराला तेच दुखणे दुसऱ्या दिवशी जास्त जाणवते.

पहिले दुखणे आजाराचे आणि दुसरे त्याच्या धास्तीचे. औषध मुख्यतः पहिल्यावर काम करते. सजगतेचा सराव दुसऱ्यासाठी आहे. ‘आत्ता माझ्या शरीरात काय चालले आहे’ आणि ‘मन काय रचत आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणे, हाच त्याचा गाभा. विचार थांबवायचे नाहीत, मन रिकामे करायचे नाही. विचार आला की हा विचार आहे असे ओळखायचे आणि लक्ष पुन्हा श्वासाकडे किंवा शरीराकडे आणायचे. दहा वेळा गेले तर दहा वेळा आणायचे.

ही पद्धत आली कुठून?

1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर शहरातील विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी एक वर्ग सुरू केला. ते डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण रेण्वीय जीवशास्त्रातले. त्यांच्याकडे पाठवले जाणारे रुग्ण बहुतेक असे होते की ज्यांना औषधांनी आणि शस्त्रक्रियांनी व्हायचा तेवढा गुण येऊन गेला होता आणि तरी दुखणे शिल्लक होते. पाठदुखी, अर्धशिशी, हृदयविकार, कर्करोग असे सगळे एकाच वर्गात बसत. आजचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस शांततेचा, आणि रोज घरी सुमारे 45 मिनिटांचा सराव. 1982 मध्ये त्यांनी जुनाट दुखण्याच्या 51 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 65 टक्के रुग्णांच्या वेदनेच्या मोजमापात किमान एक तृतीयांश घट झाली होती. 1990 मध्ये त्यांनी या वर्गावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत जगभरच्या इस्पितळांत पोहोचली.

या पद्धतीचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे, हे लपवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात इगतपुरीचे विपश्यना केंद्र सर्वांना ठाऊक आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेची दहा दिवसांची मौन शिबिरे तिथे 1976 पासून होतात. इस्पितळातला अभ्यासक्रम त्याहून वेगळा आहे. त्यात घर सोडावे लागत नाही, दहा दिवसांचे मौन घ्यावे लागत नाही. कोणताही मंत्र, मूर्ती किंवा श्रद्धेचे वचन त्यात ठेवलेले नाही. श्वास, शरीराच्या संवेदना, हलके ताण देण्याचे व्यायाम आणि चालणे, एवढीच सामग्री आहे.

पुरावा किती?

आरोग्याच्या गोष्टीत ऐकीव माहितीवर चालू नये. म्हणून तीन अभ्यास पाहू.

पहिला कंबरदुखीचा. अमेरिकेत 342 प्रौढ रुग्णांवर झालेला हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर सजगता शिकलेल्यांपैकी सुमारे 61 टक्के लोकांच्या रोजच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा होती. नुसते नेहमीचे उपचार चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण 44 टक्के होते. विचार आणि वर्तनावर काम करणारा मानसोपचार घेतलेल्यांत ते 58 टक्के, म्हणजे जवळजवळ सजगतेइतकेच होते. 2017 मध्ये अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी आधी करून पाहायच्या बिनऔषधी उपायांत या पद्धतीचा समावेश केला.

दुसरा अभ्यास चिंताविकाराचा, 2022 सालचा. 276 रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला आणि निम्म्यांना एसिटालोप्राम हे चिंतेवरचे प्रचलित औषध. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांची चिंता जवळजवळ सारखीच कमी झाली होती.

तिसरा अभ्यास पाय जमिनीवर ठेवणारा आहे. 2014 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ध्यानाच्या निरनिराळ्या पद्धतींवरच्या 47 चाचण्या एकत्र तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम स्वरूपाची सुधारणा होते, असे त्यांना आढळले. पण औषध, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

याचा अर्थ सरळ आहे. सजगता गाठ विरघळवत नाही, इन्सुलिनची जागा घेत नाही, बंद झालेली रक्तवाहिनी उघडत नाही. ‘अमुक ध्यानाने मधुमेह मुळापासून घालवा’ असे कोणी मोबाईलवर सांगत असेल तर तो आपल्याला फसवत आहे. आजार आहे तो राहील, पण त्याच्यासोबत जगणे सोपे होईल, एवढाच सजगतेचा दावा आहे. बारा-पंधरा वर्षे गोळ्या खाणाऱ्या माणसासाठी हे थोडे नाही.

‘नमाज पढतो, मग हे कशाला?’

हा प्रश्न आपल्या घरांत येणारच आणि तो योग्यही आहे.

नमाज इबादत आहे. ती आपण अल्लाहसाठी पढतो, रक्तदाब उतरावा म्हणून नव्हे. तिने मनाला करार मिळतो हा तिचा फैज आहे; पण तिला औषधाच्या बाटलीशेजारी ठेवणे बरे नव्हे. उलट, सजगतेचा सराव म्हणजे फिजिओथेरपीच्या व्यायामासारखी एक कसरत आहे. गुडघ्याचा व्यायाम करणाऱ्याला ‘नमाज पढता, मग व्यायाम कशाला?’ असे कोणी विचारत नाही. मनाच्या कसरतीलाही तोच न्याय लावावा. म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. नमाजमध्ये श्वास मोजत बसू नका. तिथे लक्ष नमाजचेच. सरावाला वेळ वेगळा. ज्यांच्या मनात तरीही शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना अभ्यासक्रमात नेमके काय करतात ते सांगून विचारावे. नुसते नाव सांगून विचारू नये, कारण ध्यान या एकाच शब्दाखाली शंभर गोष्टी येतात.

या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र जास्त दुखावणारी आहे. आजाराने खचलेल्या माणसाला आपण पटकन म्हणतो, ‘ईमान कमजोर झाले आहे, म्हणून घाबरता.’ बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. ऐकणारी व्यक्ती मात्र त्या दिवसापासून आपली भीती लपवू लागते. आजार होताच, त्यात आता शरमही आली.

असे बोलण्यापूर्वी इमाम गझाली यांची हकीकत आठवावी. इ. स. 1095 मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते. त्या काळातले ते सर्वांत नामवंत आलिम. त्या वर्षी त्यांची वाचा बसली. विद्यार्थी समोर बसलेले असत आणि तोंडातून शब्द फुटत नसे. अन्न गिळवेना, पचेना, शरीर खंगत गेले. हकिमांनी तपासून सांगितले की हे दुखणे मनातून उतरून शरीरात आले आहे; मनाची घालमेल शांत झाल्याशिवाय उपाय चालणार नाही. ही हकीकत दुसऱ्या कोणी लिहिलेली नाही. ‘अल-मुन्किज’ या आपल्या आत्मकथनपर ग्रंथात ती त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या आलिमाला आपल्या मनाचे दुखणे सांगताना संकोच वाटला नाही, तर आपल्या अम्मीने, आपल्या भावाने ते का लपवावे? पुढे गझालींनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात मुराकबा आणि मुहासबा, म्हणजे आपल्या मनावर नजर ठेवणे आणि त्याचा हिशेब घेणे, यांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांचा मुराकबा अल्लाहच्या जाणिवेसाठी आहे आणि इस्पितळातली सजगता आजाऱ्याच्या आरामासाठी. दोन्हींना एक म्हणू नये. पण मनाकडे लक्ष देणे ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही, एवढे त्यावरून कळते.

गझालींच्याही आधीचे एक नाव सांगण्यासारखे आहे. बल्खचे अबू झैद अल-बल्खी यांचे निधन 934 मध्ये झाले. शरीर आणि नफ्स या दोहोंच्या स्वास्थ्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. दोन्ही आजारी पडतात आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतो, हे त्यांनी त्यात मांडले. राग, भीती, दुःख आणि मनात घोळत राहणारे वसवसे यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. कारण ठाऊक असलेले दुःख वेगळे आणि कारण न सापडणारे, शरीरातल्या बिघाडातून येणारे दुःख वेगळे, हा भेदही त्यांनी केला. त्यांचा एक सल्ला आजही उपयोगी आहे. अडीअडचणीसाठी आपण घरात औषध ठेवतो, तसे मन शांत असतानाच चांगले विचार जमवून ठेवावेत, म्हणजे घाबरण्याच्या वेळी ते हाताशी असतात. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या ग्रंथाच्या नफ्सविषयक भागाचा इंग्रजी अनुवाद केला. तो 2013 मध्ये निघाला.

सजगतेचेही तसेच आहे. धास्तीच्या रात्री ती पहिल्यांदा शिकता येत नाही. आधी बऱ्या दिवसांत शिकून ठेवावी लागते.

घरी सुरुवात कशी करावी?

प्रशिक्षित शिक्षक मिळाला तर उत्तम. मोठ्या शहरांत काही मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक हे वर्ग घेतात. शिक्षक नसेल तर पुढील क्रमाने सावकाश जा. 45 मिनिटे जमणार नाहीत. 20 मिनिटांनी सुरुवात करा, पण रोज करा.

पहिला दिवस: एक खजूर घ्या. इस्पितळातल्या वर्गात पहिल्या दिवशी मनुका देतात. आपल्याकडे खजूर आहे. तो हातात धरून त्याच्या सुरकुत्या, रंग, वास पाहा. तोंडात ठेवून लगेच चावू नका. मग एकेक घास सावकाश चावा. एक खजूर खायला पाच मिनिटे लागू द्या. रोज आपण तीन-चार खजूर बोलता बोलता खातो आणि चव लक्षातही राहत नाही, हे या पाच मिनिटांत कळते. बाकीचा दिवसही आपण असाच घालवतो. साखर असलेल्यांनी हा एक खजूर आपल्या पथ्यात धरावा किंवा त्याऐवजी फुटाण्याचा दाणा घ्यावा.

पहिले दोन आठवडे: शरीरभर लक्ष फिरवणे. याला बॉडी स्कॅन म्हणतात, पण यात मशीन नसते. चटईवर किंवा पलंगावर उताणे पडा. लक्ष डाव्या पायाच्या बोटांकडे न्या. तिथे ऊब आहे, गारवा आहे, मुंग्या आहेत की काहीच जाणवत नाही? जे असेल ते ठीक. मग तळपाय, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. नंतर उजवा पाय. मग कंबर, पोट, छाती, हात, मान, चेहरा. दुखरी जागा आली की तिला टाळू नका आणि तिच्याशी झगडूही नका. ती ठसठसते, जळते की ओढल्यासारखी होते, ते नीट पाहा. आपण ज्याला एकच मोठे दुखणे समजत होतो ते कमी-जास्त होत असते, असे पुष्कळांना इथे पहिल्यांदा कळते. झोप लागली तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवा.

तिसरा आणि चौथा आठवडा: एक दिवस बॉडी स्कॅन, एक दिवस हलकी हालचाल. हात वर ताणणे, खांदे फिरवणे, गच्चीवर किंवा अंगणात सावकाश चालणे. चालताना टाच टेकते, तळवा टेकतो, बोटे उचलतात, एवढ्यावरच लक्ष. शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच ताणाचे व्यायाम करावेत.

पाचवा आणि सहावा आठवडा: बसून श्वास पाहणे. खुर्चीवर बसले तरी चालते, गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवरच बसावे. पाठ ताठ, पण आवळलेली नको. श्वास मुद्दाम मोठा करू नका. येतो तसा येऊ द्या. नाकपुडीशी किंवा पोटाशी तो जाणवेल. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके जरासे मंदावतात, ही शरीराची नैसर्गिक रचना आहे. म्हणूनच काही मिनिटे शांत बसून उच्छ्वासाकडे लक्ष दिले की धडधड हळूहळू उतरू लागते. मन गॅसवरच्या दुधाकडे, मुलाच्या फीकडे, सुनेच्या बोलण्याकडे जाईल. ‘गेले होते’ एवढेच म्हणा आणि परत या. स्वतःवर रागावू नका.

सातवा आणि आठवा आठवडा: यांपैकी आपल्याला मानवले ते निवडा आणि कोणाच्या सूचनेशिवाय करा.

यासोबत तीन मिनिटांचा एक छोटा उपाय पहिल्या आठवड्यापासून शिकून ठेवा. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून तयार केलेल्या सजगतेच्या उपचारपद्धतीतून तो आला आहे. पहिल्या मिनिटाला स्वतःला विचारा: आत्ता मनात काय आहे, शरीरात काय आहे? ‘भीती आहे, छाती आवळली आहे,’ असे साध्या शब्दांत मनात म्हणा. दुसऱ्या मिनिटाला फक्त श्वास. तिसऱ्या मिनिटाला लक्ष मोठे करा, सगळे शरीर, बसलेली जागा, खोलीतले आवाज. दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत, इंजेक्शनच्या आधी, रिपोर्टचे पाकीट उघडण्याआधी हे करता येते. शेजारच्या माणसाला पत्ताही लागत नाही.

घरच्यांनी काय करावे?

हा सल्ला वाचून एखादी भगिनी मनात म्हणेल, ‘20 मिनिटे मला देणार कोण?’ तिचे बरोबर आहे. आपल्या घरांत आजारी बाईसुद्धा फजरपासून चुलीपाशी असते. डबे, शाळा, सासऱ्यांची दवा, दुपारचे जेवण. आराम कर असे सगळे सांगतात आणि पाचव्या मिनिटाला ‘माझा रुमाल कुठे आहे?’ असा आवाजही देतात.

म्हणून हा परिच्छेद शौहर, मुलगे, सासू आणि नणंद यांच्यासाठी. दिवसातली 20 मिनिटे ठरवा. फजरनंतरची किंवा असरच्या आधीची. त्या वेळात तिचा फोन तुमच्याकडे, दारावरची बेल तुमच्याकडे, दूध उतू जाणे तुमच्याकडे. आठ आठवडे एवढे करा. एखादी गोळी तिला चुकू नये म्हणून जेवढी काळजी घेता, तेवढीच या 20 मिनिटांची घ्या.

सेवा करणाऱ्यालाही हे हवे असते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या अब्बांना रोज उठवणारा, पुसणारा मुलगा किंवा सून कधी चिडते आणि मग रात्रभर गुन्हेगारासारखी जागते. तीन मिनिटांचा उपाय त्यांच्यासाठीही आहे. खोलीत शिरण्याआधी, दाराबाहेर उभ्या उभ्या.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

छातीत दुखणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे, यांत श्वास पाहत बसू नका. ताबडतोब इस्पितळ गाठा.

रक्तदाब, साखर, थायरॉईड, फिट्स किंवा मानसिक आजार यांची कोणतीही गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून स्वतः बंद करू नका. सरावाने बरे वाटत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करायची की नाही ते त्यांनी ठरवायचे.

ज्यांनी पूर्वी मारहाण, अत्याचार, दंगल किंवा मोठा अपघात सोसला आहे, त्यांना डोळे मिटून शांत बसल्यावर ते प्रसंग डोळ्यांसमोर येऊ शकतात. असे झाले तर डोळे उघडा, पाय जमिनीवर घट्ट टेकवा, खोलीतल्या पाच वस्तू पाहा आणि त्या दिवशी सराव सोडा. पुन्हा पुन्हा होत असेल तर एकट्याने करू नका, तज्ज्ञांसोबतच करा. भास होणे, संशयाचा आजार किंवा तीव्र नैराश्य असलेल्यांनीही मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लांबलचक ध्यान करू नये.

आणि जगणे नकोसे वाटू लागले असेल तर ते आजच कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. असा फोन करणे म्हणजे ईमानाची कमजोरी नव्हे. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इलाज करणे हे उंट बांधणेच आहे.

या महिन्यात एवढेच करा. घरात जो आजारी असेल त्याला विचारा, ‘रात्री झोप लागते का? कशाची धास्ती वाटते?’ उत्तर आले की लगेच सल्ला देऊ नका, पूर्ण ऐका. मग हा अंक त्यांच्या हाती द्या आणि सोबत बसून पहिला खजूर दोघे मिळून खा. आठ आठवड्यांनी काय फरक पडला, किंवा पडला नाही, ते आम्हाला जरूर कळवा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना ताकद देवो. आमीन.